वॉचमनच्या खोलीचं माप

नाशिक, १२ जून २००६

सौ. छायास,

माहेरी जाताना तू म्हणालीस, "लोकांचे बंगले बांधता ना? आता आपलं छप्पर झालं की मगच न्यायला या." इंदिरानगरच्या दोन खोल्यांसाठी मी पैसे जमवेपर्यंत त्यांचा भाव दुप्पट झाला. पंचवटीतली भाड्याची खोलीही सुटली. आता गंगापूर रोडला, मीच बांधलेल्या बंगल्यावर राखणदार म्हणून राहतो. खोल्या अकरा, माणसं दोन, तीही सणालाच येतात.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. नकाशात वॉचमनची खोली दहा बाय आठ होती. शेठची दुसरी गाडी वळेना, म्हणून ती सात बाय सहा करायची युक्ती माझीच. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तर इंजिनियरला शिकवाल!" चौथी नापास मी, महिनाभर ते सगळ्यांना सांगत फिरलो.

काल तुझं अंथरूण माझ्याशेजारी टाकून पाहिलं. दार आत उघडेना. बाहेर उघडणारं बसवावं, तर ते शेठनी इथेच ठेवलेल्या दुसऱ्या गाडीला लागतं. तीनदा मोजलं छाया, मापात चूक नाही.

हे तुला न कळावे.

पुंजाराम