इन्शाल्ला न लावता

रविवार, २०१२. डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई.

ऑफिसातल्या इजिप्शियन हसनचं ते इन्शाल्ला डोक्यातून जातच नाही. इजिप्तमध्ये क्रांतीनंतर धर्माचं नाव घेणारे निवडून आले, म्हणून आज, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिसात त्याने मिठाई वाटली. मार्थाही इजिप्तचीच, पण ख्रिश्चन. तिने विचारलं, "माझ्या बहिणीची कोर्टातली नोकरी राहील? आमचं चर्च?" हा हसून म्हणाला, "सगळं राहील, इन्शाल्ला." मार्था म्हणाली, "तेच इन्शाल्ला न लावता सांग." तर हा मोबाइल बघायला लागला!

मी रत्नागिरीची मुसलमान, सगळं अल्लाच्या मर्जीवर सोडणारा हा शब्द दिवसातून शंभरदा बोलते. अल्लावर शंका नाहीच माझी. पण आमचा एसीवालासुद्धा "उद्या, इन्शाल्ला" म्हणतो आणि महिनाभर उगवत नाही. माणसं या शब्दामागे लपतात का?

आणि मघाशी जेवताना आमच्या सनाने विचारलं, "अब्बा, पुण्याला एकटी शिकायला जाऊ ना?" हे म्हणाले, "इन्शाल्ला." ती पुटपुटली, "दॅट मीन्स नो."

मी वाढता वाढता थांबले. म्हटलं, "अहो, तेच जरा इन्शाल्ला न लावता सांगा."

यांनी पाणी मागितलं.