खडूची खूण

प्रिय ताई,

शनिवारी तू आपल्या धाकट्या मुंगीला कायमची घेऊन जायला येणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं, म्हणून भरदुपारी दुकान बंद करून लिहायला बसलो आहे. मागच्या पत्रात मी कळवलं होतं, की पोरगी चोरून गोड खाते, साखर उतरत नाही, माझ्याच्यानं हे निभत नाही. ते वाचून तू तिला फोनवर फैलावर घेतलंस. ताई, तिनं काही खाल्लं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

आई-बाबांच्या मागे हा आजार निघाला, तेव्हा इन्सुलिन जन्मभर टोचावं लागणार हे ऐकून मीच डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत बसलो. मुंगी मात्र म्हणाली होती, साखरेचा आजार आणि नाव मुंगी, आता नाव तरी बदला माझं. मी तिला कशालाच हात लावू दिला नाही. शिंपी माणूस मी, मापाशिवाय सुचत नाही. बेंबीपासून चार बोटं मोजून तिच्या पोटावर कापडाच्या खडूनं खूण करायचो आणि रोज तिथंच टोचायचो. जागा बदलत राहा, असं दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी घाबरून फक्त मात्रेचे आकडे लिहून घेतले होते. ती एकदा म्हणाली, दादा, आज मांडीवर टोच ना. मी म्हणालो, मोठी डॉक्टरीण लागून गेलीस. पुन्हा ती बोलली नाही. साखर चढत गेली तशी मी तिचं दप्तर उपसलं, चॉकलेटचे चार कागद सापडले, आणि मी तुला लिहून मोकळा झालो. मैत्रिणींकडून घेतलेले कागद ते, वहीत चिकटवायला.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला विचारलं, टोचताना कसं वाटतं? मीच उत्तर द्यायला लागलो, तर म्हणाल्या, सुई तुम्हाला टोचतात का? मग तिला बोलू द्या. मुंगीनं त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. इथं टोचलेलं कळतच नाही, म्हणाली. बोराएवढी गाठ होती, ताई. एकाच जागी टोचून कातडीखाली गाठ धरते आणि औषध नीट भिनत नाही. घरी येऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ताईलापण सांग.

आता सिस्टरांनी मात्रा नव्यानं ठरवून दिली आहे. मुंगीनं माझ्या कटिंगच्या कागदाची एक बाहुली कापून भिंतीला लावली आहे. आज कुठे टोचलं ते तिच्यावर स्वतः लिहिते. टोचतेही स्वतःच, मी शेजारी बसून आकडा तपासतो. पहिल्या दिवशी मीच सारखा सुईकडे हात नेत होतो, तर म्हणाली, तू भिंतीकडे बघ, झालं की सांगते. मंगळवारी वर्गात साखर एकदम खाली जाऊन तिला घाम फुटला, तर बाईंना सांगून दप्तरातली साखर खाल्ली. परवा मात्र कंटाळली, रडली, म्हणाली आज तूच टोच. मी टोचलं. सगळा भार तिच्यावर टाकू नका, असंही सिस्टरांनी बजावलं आहे.

तुला वाटेल, तुला अडवण्यासाठी लिहितो आहे. पहिले दोन कागद तसेच लिहिले होते, ते फाडले. तुझ्याकडे मोठा दवाखाना जवळ आहे, घरात तू आहेस; कदाचित तिचं तिथंच बरं होईल. पण तिकीट आपण काढलं, शाळा आपण ठरवली, तिला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर माझं तोंड बघून ती मला बरं वाटेल तेच बोलेल. म्हणून शनिवारी आलीस की तूच तिच्याजवळ बस आणि विचार. मी दुकानात थांबेन. ती येते म्हणाली, तर बॅग मी भरून देईन. काय कुठे ठेवायचं, ते तिला विचारून.

तुझाच,
मधला