गॅलरीखाली बांधलेलं लुगडं

सत्यम,

तू अंघोळीला गेलास तेव्हा मोहनरावांच्या गॅलरीचा ढलपा खाली पडला, मुलं शाळेच्या गाडीची वाट बघतात तिथंच. कुणाला लागलं नाही. वर सळई उघडी दिसते आहे. माझं निळं लुगडं आडवं बांधून मी वाट बंद केली आहे. ते कुणालाही सोडू देऊ नकोस.

काल मीटिंगमध्ये मोहनराव म्हणाले, "स्लॅब सोसायटीचा हाय, मी कावून दुरुस्त करू?" तू चेअरमन असून म्हणालास, "गॅलरी तुमची, तुम्हीच बघा." दिवाळीला मात्र त्याच गॅलरीच्या भेगेवर तुम्ही दोघांनी मिळून रंग मारून घेतलात.

तेलगावला आपल्या आणि शेजाऱ्यांच्या घराचं मातीचं माळवद लागून होतं. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून तुझे वडील पांढरी माती टाकायला चढले की शेजाऱ्यांच्या बाजूलाही टाकूनच उतरायचे. भांडण असलं तरी.

मी नगरपालिकेत जाऊन इंजिनिअरला घेऊन येते. तुला विचारलं नाही, रागावशील. चहा झाकून ठेवला आहे.

जाताना तुझ्या संस्कृतीला शाळेत मीच सोडते. तिच्या दप्तरावर सिमेंट पडलं होतं, ते झटकलं. तिच्या आईला तू सांग, मला सांगवणार नाही.

आई