कडू पाल्याचे आकडे

४ जून
पुन्हा तेच! पाल्याचा अर्क पाजलेल्या मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर निम्म्यावर. नुसतं पाणी पाजलेल्यांची जशीच्या तशी. माझे मार्गदर्शक सर खूश — "पाला नाही, वरदान आहे हे! शोधनिबंध लिहायला घे." मला पटत नाही. इतकं सरळ कधी काही होतं का?

५ जून
पिंजरे साफ करणारे मामा सहज म्हणाले, "ताई, तुमची अर्कवाली मंडळी खातच नाहीत हो. रोज निम्मं खाणं मी काढून टाकतो."
सहज! पाच महिने मी रक्त मोजतेय आणि खाणं मोजायचं डोक्यात आलं नाही! अक्कल गहाण टाकली होती. अर्क चाखून पाहिला. कडूजहर — तासभर जीभ वळेना. उपाशी राहिलं तर कुणाचीही साखर उतरेल!

७ जून
सरांना सांगितलं. "उगाच फाटे फोडू नकोस." मीही हट्टाला पेटले. नवे उंदीर घेतले. यांना अर्क नाही, पण खाणं तेवढंच, निम्मं. चार आठवडे.

१९ जून
सर येता-जाता टोमणा मारतात — "संपला का तुझ्या उंदरांचा उपास?" मामा हसतात. मला नाही हसू येत.

६ जुलै
निकाल आला. नुसत्या अर्धपोटी उंदरांचीही साखर तेवढीच उतरली. म्हणजे पाला काही करत नाही. काहीच नाही! दीड वर्ष पाण्यात.

७ जुलै
कागद सरांच्या टेबलावर आपटले. त्यांनी न वाचताच बाजूला सारले. "पाला काम करतो. मला माहीत आहे."
"कशावरून?"
"माहीत आहे म्हटलं ना!"
माझा तोल गेला. "नावासाठी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकताय तुम्ही!" त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बरं झालं. ऐकवायलाच हवं होतं कुणीतरी!

८ जुलै
सरांच्या पत्नीचा फोन. सर दवाखान्यात, बेशुद्ध. साखर साडेपाचशेच्या वर. "त्यांना मधुमेह आहे, माहीत नव्हतं तुला? मार्चपासून गोळ्या बंद. तुमचाच अर्क घेतात. तुझे आकडे दाखवायचे मला — 'पोरीचं काम चोख आहे' म्हणायचे."
अर्कात काय काय आहे ते डॉक्टरांसाठी लिहून घेतलंय. निघते.