दोन पांढऱ्या बरण्या

ता. ४, सोमवार

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुला दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे, हे तू कळवल्यापासून मी घरभर उगाच फिरतेय. खालच्या शिंपीणबाईला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, परत शिंपीणबाईला सांगितलं. ती म्हणाली, आजी, कालच सांगितलंत. म्हटलं, मग आज पुन्हा ऐक.

तुला आंबट खावंसं वाटतं म्हणून परवा नासपतीचा जॅम पाठवला. नासपती गोड खरी, पण अळणी स्वभावाची. म्हणून चिमूटभर लिंबूसत्त्व घालावं लागतं. तुझा बाप त्यावरच वाढला. आता त्याचे केस गेले, पण ते त्याच्या आजोबांवर.

तर काल तुझ्या आईने किटली धुतली. आतला खडूसारखा थर पांढरी पूड टाकून उकळला, तर सालपटासारखा सुटला. मी विचारलं, ही कसली जादू. ती म्हणाली, अहो आई, तुम्ही जॅममध्ये घालता तेच. मी तशीच खाली शिंपीणबाईकडे गेले. शिंपीणबाई म्हणते, ते ॲसिड, लोखंडाचा गंज खातं. दगडासारखा थर जे खातं, ते पोटात काय करत असेल गं?

मला फोनवर अर्धं ऐकू येतं, म्हणून आईला तुला फोन करायला लावलाय. बरणी उघडू नकोस. तू सरबताच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसतेस, तूच सांग. माझं डोकं चालेनासं झालंय.

माया आटू देऊ नकोस.
तुझी आजी

ता. ९, शनिवार

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आईचा फोन आला तोवर बरणी अर्धी झाली होती. चमच्याने, नुसताच खाल्ला. रागावू नकोस.

आधी घाबरणं थांबव. लिंबूसत्त्व म्हणजे लिंबात जो आंबटपणा असतो तोच. आमच्याकडे पिंपांनी येतो. हल्ली तो लिंबं पिळून काढत नाहीत. एका बुरशीला साखर खाऊ घालतात आणि ती तो तयार करते. हे वाचून तोंड वाकडं करू नकोस, दह्यालाही विरजण लागतंच. आपलं शरीरही तो थोडा थोडा बनवतंच. किटलीतला थर पाण्यातल्या चुन्याचा, तो आंबटात विरघळतो. पोट चुन्याचं नाही. फार खाल्लं तर दात आंबतात आणि हळूहळू झिजतात, म्हणून वर चूळ भरावी. पूड डोळ्यांत जाऊ देऊ नये. बस, एवढंच.

पण आजी, खायचं लिंबूसत्त्व वेगळं मिळतं आणि धुण्यापुसण्याच्या दुकानातलं वेगळं. त्या दुसऱ्याची खाण्यासाठी तपासणी झालेली नसते, त्यात आणखी काही मिसळलेलंही असू शकतं. आईने किटलीत टाकलं ते कुठल्या दुकानातलं? आणि तू जॅमला वापरलंस ते?

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “खाल्लंय त्याने काही झालेलं नाही, बाळाचे ठोके छान आहेत. उरलेला मात्र खात्री होईपर्यंत खाऊ नका.” ह्यांनी बरणी कपाटावर ठेवलीय आणि जाता-येता तिच्याकडे सापासारखं बघतात.

काळजी सोडून लोभ तेवढा ठेव.
तुझी चिमणी

ता. १५, शुक्रवार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि गोंधळ दुप्पट झाला. मी एकदा तुझ्या आईला बोलले होते, की उघड्या पुड्यांना मुंग्या लागतात. त्या माऊलीने साफसफाईच्या दुकानातली पूडही बरणीत भरली. माझ्या बरणीसारखीच बरणी, त्याच फळीवर, शेजारी. मी म्हणते माझी उजवीकडची. ती म्हणते फळी पुसताना बरण्या हलतात. मी दोन्हींतलं बोटाने चाटून पाहिलं. दोन्ही आंबट. तुझी आई ओरडली की चाटता काय, आणि माझंही बरोबर, नाहीतर ओळखायचं कसं?

शेवटी कुणालाच सांगता येईना. दोन्ही बरण्या मोरीत ओतल्या, मोरी आरशासारखी झाली. जॅमही सगळा टाकला. तूही टाक, जीव खाली-वर करू नकोस. तुझा बाप म्हणाला, आई, आता स्वयंपाकघरात राबू नकोस. तुझी आईच त्याच्यावर उखडली, की सारखी बरणी मी आणली, त्यांना का बोलता.

मी मजेत आहे. गुडघ्यांना आराम देतेय.

तुझी आजी

ता. क. चिमणे, ही मी, आई. गुडघ्यांचं खोटं आहे. आजींनी त्या दिवसापासून शेगडीला हात लावलेला नाही. चहासुद्धा माझ्याकडून मागून घेतात, आणि साखर मलाच घालायला लावतात, कमी पडली तरी. डॉक्टरीणबाईंचं वाक्य रोज काढून वाचायला लावतात. ऐकतात, हसतात, आणि परत विचारतात, खरं ना गं. मी सांगून पटत नाही.

ता. १९, मंगळवार

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मी शनिवारी येतेय. आल्यावर माझ्या पोटावर हात ठेव. हल्ली आतून लाथ बसते, ती कुणाच्या सांगण्यावरून बसत नाही.

येताना बाजारातून नासपती आणि लिंबं आणीन. सोलायचं काम माझं, पिळायचं आईचं. आंबट किती हवं ते आम्हा दोघींना कळत नाही, तेव्हा शेगडीजवळ तुला उभं राहावंच लागेल.

तोवर आईच्या हातचा कमी साखरेचा चहा गोड मानून घे.

तुझी, आता दोन जिवांची
चिमणी