खिंडीतली भाकरी

बोईसर,
ता. २ सप्टेंबर १९६८

ती. बाबांच्या चरणी जमनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. सातपाटीच्या होडीचं काम कुठवर आलं? आईचा गुडघा कसा आहे, हे लिहायला तुम्ही दर पत्रात विसरता.

आज खास कारणानं लिहिते. यांच्या ट्रकवर सुका नावाचा वारली गडी आहे, वाघोबा खिंडीजवळच्या पाड्यावरचा. तो सांगतो, यंदा डोंगरभर कारवी फुललीय. माझ्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात फुलली होती, त्यानंतर आत्ताच. ठेकेदारानं १५ तारखेच्या रविवारी ट्रक द्यायचं कबूल केलंय. शिरगावला येऊन तुम्हा दोघांना घेऊ आणि मनोरच्या रस्त्यानं खिंडीत जाऊ.

आमच्या घरी या, असं म्हणत नाही. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा तुमचा नेम मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत तुम्ही आपला तांब्या भरून आणलात आणि आमच्या ओट्यावर बसून त्यातलं पाणी प्यालात. तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ रडले. सात वर्षांत तुम्ही माझ्या हातचा घास खाल्ला नाही, बाबा. डोंगर काही माझ्या सासऱ्यांचा नाही. तिथं माझी भाकरी खाल का, एवढंच कळवा.

आईस नमस्कार. आहे तो लोभ वाढता असावा.

आपली,
जमना


शिरगाव,
ता. ६ सप्टेंबर

चि. सौ. जमनास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कारवी म्हणजे कुडाच्या काठ्या. माझी चाळीस वर्षं लाकूड तासण्यात गेली. काठीला फूल आलं म्हणून ट्रक काढून बघायला जाणारी माणसं माझ्याच घरात निघावीत, याचं नवल वाटतं.

नेम माझ्या आज्यानं पाळला, बापानं पाळला. तुझ्या हिराताईकडेही तिला पहिला मुलगा झाल्यावरच मी जेवलो. यात तुझी काही चूक आहे, असं मी कधी म्हटलेलं नाही. पण दोन दिवस विचार केला. नेम घरापुरता आहे आणि खिंडीला छप्पर नाही. तेव्हा यायला हरकत नाही. तुझी आई म्हणते, एवढा विचार मागच्या होडीच्या वेळी केला असता तर ती गळली नसती. तिचा गुडघा बरा आहे. फुलांचं ऐकल्यापासून जास्तच बरा आहे.

भाकऱ्या तांदळाच्या असाव्यात. बरोबर सुक्या बोंबलाची चटणी असली तर मी नको म्हणणार नाही. जावईबापूंना आशीर्वाद सांगावेत.

आत्माराम


बोईसर,
ता. १६ सप्टेंबर

प्रिय हिराताईस, सप्रेम नमस्कार.

तू हवी होतीस गं. बाबा पुढे यांच्या शेजारी ऐटीत बसले, आई आणि मी मागे हौद्यात फळीवर. पालघर सोडल्यापासून रस्त्याच्या कडेला तेरडा नुसता गुलाबी, आणि खिंडीत वळलो तर अख्खा डोंगर जांभळा. बाबांनी तीनदा ट्रक थांबवला. काठ्या बघायच्या म्हणत उतरायचे आणि फुलं बघत उभे राहायचे. शेवटी एक तुरा मोडून आईच्या अंबाड्यात खोवायला गेले. त्या तुऱ्यांना चीक असतो. बाबांची बोटं तिच्या केसांना चिकटली आणि आई रस्त्यातच त्यांना बोलली. हसू दाबायला हे टायर तपासायला गेले.

कारवीत बसून जेवलो. बाबा चार भाकऱ्या जेवले, ताई, आणि चटणी पुन्हा मागून घेतली. मला वाटलं, आता मला काही नको.

मग सुकाच्या झोपडीत गेलो. त्याच्या बायकोनं, ठमीनं, पाणी दिलं. बाबा ते गटागट प्यायले. आज लेकीकडेच राहणार ना, असं तिनं विचारलं, तेव्हा आईनं आपला नेम सांगितला. ठमी बाबांकडे बघतच राहिली. म्हणाली, "माज्या घरचा पानी पितंस नि पोरीच्या घरचा नाय? पोरगी दिली का टाकली?"

येताना बाबांनी एकदाही ट्रक थांबवला नाही. शिरगावला उतरले आणि मागे न बघता आत गेले. एवढा सोन्यासारखा दिवस, आणि ते माझ्यावर रागावले असतील का, हा घोर लागून राहिलाय. तुला काही कळलं तर लगेच लिही. मुलांना गोड पापा.

तुझी,
जमना


शिरगाव,
ता. २० सप्टेंबर

चि. सौ. जमनास अनेक आशीर्वाद.

हिरानं तुझं पत्र मला धाडलं. मी रागावलो नाही. त्या बाईला उत्तर काय द्यायचं, ते शोधत होतो. पाच दिवस शोधलं, सापडलं नाही.

आपला भार लेकीच्या संसारावर पडू नये, म्हणून हा नेम कुणीतरी घातला असेल. मी मात्र त्याचाच भार सात वर्षं तुझ्या डोक्यावर ठेवला. तुला मूल झालं तर मी गावभर पेढे वाटीन. नाही झालं, तरी तू माझं मूल आहेस. माझ्या मुलाच्या घरी जेवायला मी आणखी कुणाच्या जन्माची वाट बघणार नाही.

दसऱ्याला सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो. चार दिवस राहू. दोन्ही वेळा जेवेन, चहा वेगळा. आई म्हणते, चार दिवस कमी आहेत. तेव्हा आठ धर.

तुझा बाप,
आत्माराम