वाऱ्याने पाडलेली भिंत

शनिवार, १२ सप्टेंबर १९७०
काल संध्याकाळी कोल्हारात वादळ झालं. आमच्या गोदामाच्या दोन्ही खोल्यांचे पत्रे उडाले. एका पत्र्याने शेजारच्या झुंबरबाईच्या म्हशीची मान कापली. पहाटे प्रवरा नदी आत शिरली. खालची मोठी खोली निम्मी आडवी. शेंगदाण्याची पोती गेली. मी मात्र शांत. पॉलिसी आहे. तीत वादळ आहे, पूर नाही. म्हणजे पूर आलाच नाही. बायको रतन म्हणाली, "मग भिंतीवर छातीएवढी गाळाची रेघ हाय, ती काय वाऱ्यानं वढली?" बायकांना इन्शुरन्स कळत नाही.

सोमवार, १४
रेघ विटेने घासून काढली. तळहात सोलले. गोरक्ष, माझा मेव्हणा आणि भागीदार, मदतीला आला नाही. म्हणाला, "दाजी, वरची खोली उंचावर हाय. तिथं पानी आलंच न्हाई, छप्पर निव्वळ वाऱ्यानं गेलं. तेवढंच दावू. खरं हाय ते मिळंल." अर्ध्यावर समाधान मानणाऱ्याची प्रगती होत नाही. तसं समजावलं. समजावताना हात लागला. त्याचा ओठ फुटला. ओठ नाजूक असावा.

गुरुवार, १७. सकाळी
कार्ड आलं. रविवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येणार. वरच्या खोलीच्या भिंती अजून ताठ उभ्या. एवढ्या वादळाला हे शोभत नाही. निर्णय: एव्हिडन्स बळकट करणे.

दुपारी
घण घेतला. दोन तास हाणला. नदीकडची भिंत धाडकन बसली, बरं वाटलं. गोरक्ष पळत आला, घण धरला. "दाजी, हीच तर वाचली हुती," म्हणाला. मी हिसका दिला. वरची तुळई त्याच्या उजव्या हातावर आली. दोन बोटं चिरडली. खाली बसून हाताकडे बघत राहिला. ट्रकने नगरच्या दवाखान्यात पाठवला. रतन सोबत गेली. अपघात. त्याने मध्ये यायला नको होतं.

रविवार, २०
सर्व्हेअर किडकिडीत, चष्मेवाला. मी तासभर वाऱ्यावर बोललो, मुद्देसूद. तो ऐकता ऐकता शेजाऱ्यांच्या भिंतींवरची रेघ टेपने मोजत होता. त्या भिंती घासायच्या राहिल्या. मग वरच्या खोलीत घणाच्या खुणांवर त्याने बोट फिरवलं. म्हणाला, "इथं पाणी आलं नव्हतं, गाव सांगतंय. ही खोली होती तशी ठेवली असती, तर तिची भरपाई पूर्ण मिळाली असती." मी त्याची गचांडी धरली. चष्मा पायाखाली गेला. गावातल्या भीमा पैलवानाने मला ओढलं आणि दोन ठेवून दिल्या. पुढचा दात पडला. तरी माझा पॉइंट सर्व्हेअरला पटला असावा. जाताना वहीत बरंच लिहून घेतलं.

शनिवार, ३ ऑक्टोबर
क्लेम नामंजूर. पुरावा खोटा केला म्हणून वाऱ्याचं नुकसानसुद्धा बाद. पत्रात लिहिलंय, दवाखान्यात गोरक्षचा जबाब घेतला. भिंत वादळातच अंगावर पडली, दाजींनी काही केलं नाही, असं त्याने सांगितलं. दवाखान्याचा कागद सतरा तारखेचा, वादळ अकराचं. त्याला खोटंही धड बोलता येत नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर
रतन त्याला घेऊन दवाखान्यातून परस्पर माहेरी, सोनईला गेली. आणायला गेलो. एसटीत बोलायचं सगळं ठरवलं, कुणाची चूक कुठे झाली ते. पोचलो तेव्हा ओट्यावर ती त्याला घास भरवत होती. मला पाहून उठली नाही. गोरक्षच सरकला, जागा केली. म्हणाला, "आक्का, दाजींना ताट वाढ. सकाळपास्नं उपाशी असत्याल."

उपाशी होतो. त्याच्यासमोर बसून उजव्या हाताने जेवलो.